शेवटच्या नळापर्यंत

मालन खिलारेचे डोळे मिटायला लागलेत आणि ती त्यांच्याशी भांडतेय. दुपारचे तीन वाजलेत. बाहेर उन्हाचा नुसता भडका, आणि तालुक्याच्या हॉस्पिटलात दुसऱ्या मजल्यावर, खिडकीकडच्या खाटेवर ही बाई गेले चार दिवस ताठ बसून आहे. पाठीला तीन उशा, त्यातली एक शेजारच्या रिकाम्या खाटेवरून ढापलेली. तोंडावर मास्क, बोटाला चिमटा, चिमट्याच्या वायरीला डबा आणि डब्यावर ऑक्सिजनचा तांबडा आकडा. सत्त्याऐंशी.

निमोनिया झालाय, दोन्ही बाजूंनी. डॉक्टर कर्णिकबाई सकाळी येऊन स्वच्छ सांगून गेल्या, "पाच वाजता परत बघते. आकडा ब्याण्णवच्या वर गेला तर ठीक. नाही गेला, तर आत घ्यावं लागेल. घशात नळी घालून मशिनवर." आत म्हणजे वॉर्डाच्या टोकाला असलेली काचेची खोली. मालनच्या डोळ्यांदेखत दोघं आत गेले. एकजण अजून आतच आहे, आणि दुसऱ्याची खाट काल धुऊन काढलेली तिनं बघितली.

शिंगाडे सिस्टर तिच्या मागे हात धुऊन लागल्यात. "मावशी, पालथ्या झोपा. पोटावर. दोन तास तरी. आकडा वर येतो त्यानं, मी बघितलंय."

"नगं," मालन म्हणते. मग श्वास घेते. "बसूनच... बरी." तिची सगळी वाक्यं अशी दोन दोन शब्दांची झालीत.

बरं, ही बाई काही अडाणी नाही. पिंपळखोऱ्याचं पाणी ती सोडते. पूर्ण गावाचं. टेकडीवरच्या टाकीपासून खालच्या आळीपर्यंत कुठला व्हॉल्व किती आटे फिरवायचा, हे तिच्या हाताला पाठ आहे. तिच्या आधी एकतीस वर्षं तिचे वडील, दगडू खिलारे, हेच काम करत होते. त्यांनी तिला शिकवताना पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली होती, टाकी उंचावर पाहिजे, टाकी खाली आली की पाण्याचा जोर संपला. मालननं ती गोष्ट अशी घट्ट धरली की आता छातीलाही तोच नियम लावून बसलीय. छाती म्हणजे टाकी. आडवं झालं की टाकी जमिनीला टेकली, मग बोटापर्यंत काय पोचणार? तिनं हा हिशेब सिस्टरला दोन दोन शब्दांत समजावून सांगायचाही प्रयत्न केला. सिस्टरनी कपाळाला हात लावला.

आणि दुसरं एक कारण आहे, ते तिनं कुणाला सांगितलेलं नाही. आबा, म्हणजे तिचे वडील, गेले तेही धाप लागूनच. शेवटचे चार महिने भिंतीला पाठ लावून बसलेले. जरा आडवे झाले की जीव कासावीस व्हायचा. शेवटच्या दिवशी ते म्हणाले, मला आडवं कर गं, कंटाळलो. तिनं केलं नाही. बसवूनच ठेवलं, आणि ते बसल्या बसल्याच गेले. सहा वर्षं झाली. आडवं व्हायचं म्हटलं की तिला ते आठवतं.

डब्याची टिकटिक चालू आहे. टिक, टिक, टिक. मान पुढं येते, ती सावरते. पुन्हा पुढं येते. टिकटिक आता जरा जाड वाटायला लागलीय, विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर दाबल्यावर आतून येते तशी. कुणीतरी बटण दाबतंय आणि मोटार उचलत नाही.

"फेज गेलाय का काय बघ," खाटेच्या पायथ्याकडून आवाज येतो.

मालन बघते. आबा उभे आहेत. गुडघ्यापर्यंत दुमडलेली खाकी विजार, डोक्याला टॉवेल, आणि खांद्यावर व्हॉल्वची चावी, म्हणजे ती चार फुटी लोखंडी सळई, वर आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड. तिला नवल वाटत नाही. उलट जरा रागच येतो, इतका उशीर केला म्हणून.

"चल, ऊठ," आबा म्हणतात. "पान्याची पाळी सोडायची हाय."

"मला उठवत न्हाय, आबा."

"कुनी सांगितलं?"

"आकड्यानं."

"आकडा शेवटच्या नळावरचा हाय. मधी काय झालंय ते त्याला काय म्हाईत? ते आपुन बघायचं."

ती उठते. मास्क तोंडावर नाही. वॉर्डाचं दार ढकललं तर पुढं जिना नाही, टेकडीची पायवाट आहे आणि वर पिंपळखोऱ्याची टाकी. मालन चढते आणि तिला दम लागत नाही. टाकीची शिडी चढून आबा वरचं झाकण सरकवतात आणि दोघं आत वाकून बघतात. आत थेंबभर पाणी नाही. नुसता वारा, ऊबदार, एकदा आत जातोय, एकदा बाहेर येतोय.

"आबा, टाकी रिकामी हाय."

"टाकी नव्हंच ती. टाकीत साठा असतो. रातच्याला भरली की सकाळी सोडता येती. ह्याचा साठा करता येत न्हाय बाई. तळ बघ."

ती बघते. टाकीचा तळ सिमेंटचा नाही. तो ताणलेल्या चामड्यासारखा आहे आणि खाली-वर होतोय. खाली गेला की वारा आत येतो, वर आला की बाहेर जातो. फक्त तो फार घाईत आहे, जेमतेम दोन बोटं खाली जातो की लगेच वर.

"दमलाय," आबा म्हणतात. "चार दिस झालं असाच पळतोय. तू तिकडं उशा लावून बसलीस, हितं ह्याची दमछाक."

ते आत उतरतात आणि ती मागोमाग उतरते. आता ती टाकी नाही, एक पाईप आहे, उभा, आणि त्याला हाताहातावर कडी बसवलेली आहेत. मालनला बघताक्षणी कळतं कशासाठी. मोटारीनं जोरात ओढलं तरी पाईप चपटा होऊ नये म्हणून. फक्त कडी मागच्या बाजूला उघडी आहेत, पूर्ण गोल नाहीत. भिंतीला बारीक केस आहेत, सगळे एका दिशेनं वर झाडतायत, दिवाळीआधी अंगण झाडावं तशी धूळ वर ढकलतायत. ज्यानं हे काम केलं तो मिस्त्री चांगला असणार, असं तिला वाटतं, आणि ती आबांना तसं म्हणते.

"मिस्त्रीचं नाव आपल्याला कुनी सांगितलं न्हाय," आबा म्हणतात. "पर काम पक्कं हाय."

पाईपाला फाटे फुटतात. एक उजवीकडे, एक डावीकडे. मग त्यांना दोन दोन, मग त्यांनाही. वीस-बावीस फाटे ओलांडेपर्यंत पाईप इतके बारीक झालेत की ती त्यांत कशी मावतेय हे तिलाच कळत नाही, पण मावतेय. आणि मग पाईप संपतात आणि समोर पिंपळखोऱ्याची खालची आळी आहे. तीच, पण घरं नाहीत. गल्लीच्या दोन्ही बाजूंना खोल्याच खोल्या, द्राक्षाच्या घडासारख्या एकमेकींना चिकटलेल्या. भिंती कांद्याच्या आतल्या पापुद्र्याइतक्या पातळ. भिंतीपलीकडच्या पाणंदवाटेतून काहीतरी वाहतंय, खळखळ न करता, दाट, काळपट तांबडं.

"त्या पानंदीतनं रगत जातंय," आबा सांगतात. "वारा खोलीत येतो. भिंत इतकी पातळ हाय की तो तिच्यातनं पलीकडं झिरपतो. दार न्हाय, खिडकी न्हाय. आन् रगतातला धूर तसाच अलीकडं येतो आन् श्वासाबरूबर भाईर."

मालन भिंतीला नाक लावून बघते. पलीकडून बारक्या तांबड्या थाळ्या जातायत, मधोमध दबलेल्या, हजारांनी. एकेका थाळीत जागाच जागा, सगळ्या रिकाम्या. थाळी एखाद्या चांगल्या खोलीच्या बाजूनं गेली की भराभर जागा भरतात आणि काळपट थाळी लालभडक होते. तिला ते फार आवडतं. ती बराच वेळ बघत राहते.

"ह्यात लोखंड हाय," आबा म्हणतात. आयुष्यभर गंजलेल्या पाईपांशी झुंजलेला माणूस तो, त्यांच्या आवाजात कौतुक मावत नाही. "लोखंडाला हवा लागली की काय हुतं?"

"गंजतं."

"आन् हे गंजत न्हाय. हवा धरतं आन् जिथं लागंल तिथं सोडून देतं. परत येऊन परत धरतं. चार म्हयनं टिकती एक थाळी. एकतीस वर्सांत मला असला पाईप कुनी दिला असता तर मी त्याची पूजा केली असती."

मालन हसते. हसताना दम लागत नाही हे तिच्या लक्षात येतं आणि ती मुद्दाम आणखी एकदा हसते.

पण गल्लीच्या मागच्या अंगाला गेल्यावर तिचं हसणं थांबतं. तिकडच्या खोल्या बंद आहेत. काही पाण्यानं काठोकाठ भरल्यात. बाकीच्यांत पाणी थोडंच आहे, पण वरून ओझं येऊन त्या चेपल्यात, भिंतीला भिंत चिकटलीय. आणि गंमत अशी की रक्ताची पाणंद सगळ्यांत रुंद इथंच आहे. थाळ्यांचे लोंढे या बंद खोल्यांवरून रिकामेच पुढं चाललेत. तिकडं पुढच्या बाजूच्या मूठभर खोल्या सगळ्या गावाचं काम ओढतायत.

पाणी सोडणाऱ्या बाईला हे बघवणार कसं? तिला शरम वाटते, आपल्याच गावात अर्धी आळी कोरडी ठेवल्यासारखी.

"आपल्या पाईपात हवा अडकती," ती हळूच म्हणते. "हितं हवंच्या पाईपात पानी अडकलंय."

"बरूबर. मग आपुन काय करतो?"

"चढावरचा हवंचा व्हॉल्व उघडतो."

"आन् हितं?"

ती भिंतीवरून हात फिरवत व्हॉल्व शोधते. आबा चावीचं टोक जमिनीवर टेकवतात आणि तिच्याकडे बघतात. ती चुकली की ते असेच बघायचे, ओरडायचे नाहीत.

"मी तुला एक धडा दिला आन् तू तो नको तिथं लावलास," ते म्हणतात. "टाकी उंच, टाकी उंच. आगं हितं टाकी न्हाय, उताराचा जोर न्हाय. हितं मोटार हाय. ये, दावतो."

गल्ली वळते आणि दोघं विहिरीवरच्या मोटारघरात उभी आहेत. आत मोटार नाही, मूठ आहे, मोठी, मांसल, आवळतेय आणि सुटतेय. फुप्फुसाकडून आलेलं लाल रक्त डाव्या अंगानं आत येतं आणि आवळली की मोठ्या पाईपातून असं सुटतं की पायाखालची जमीन हादरते. आबा चावीचं तोंड पाईपावर ठेवतात आणि चावीची मूठ कानाला लावतात. गळती शोधायला ते रस्त्यात असंच ऐकायचे, लोक हसायचे त्यांना. मग ते चावी तिच्या हातात देतात.

"ऐक."

ती ऐकते. धड धड, धड धड. जोरदार, एकसारखं. कुठं घसरत नाही, कुठं अडखळत नाही.

"तुझी मोटार नवीकोरी हाय. माझी जळाली हुती."

मालन चावी कानापासून काढते. "तुमी म्हनला आडवं कर. मी केलं न्हाय, आबा. बसवूनच ठिवलं. तुमी तसंच गेला."

"मग बरंच केलंस की."

"बरं कसं, आबा?" ती विचारते.

"माझी मोटार पानी पुढं ढकलत नव्हती, ते मागं छातीत तुंबायचं. आडवा झालो की बुडायचो. बसून हुतो म्हनून चार म्हयनं तुझ्या हातची भाकरी खाल्ली, न्हायतर चार दिसांतच खेळ खलास. कंटाळलो हुतो म्हनून बोललो. माणूस कंटाळल्यावर काय बी बोलतो, ते काय धरून बसायचं?" आबा टॉवेलानं तिचं तोंड पुसतात. टॉवेलाला ग्रीसचा वास आहे. "माझं बसनं माझ्यापुरतं हुतं. तुझं दुखनं येगळं. त्या बंद खोल्या तुझ्या पाठीकडं हायत. त्यास्नी वर घ्यायचं. मंजी काय करायचं?"

"पालथं व्हायचं," मालन म्हणते.

"सिस्टर चार दिस तेच सांगतीया. शिकलेल्या मानसाचं कधीमधी ऐकावं."

मोटारघराच्या मधोमध एक व्हॉल्व आहे, इतका मोठा तिनं कधी बघितला नाही. आबा चावी त्याच्या डोक्यावर बसवतात. एका बाजूनं ते, दुसऱ्या बाजूनं ती. जाम बसलाय. पहिल्या जोराला काही होत नाही, दुसऱ्याला काही होत नाही. तिच्या दंडाच्या शिरा तट्ट फुगतात, दात आवळले जातात. तिसऱ्या जोराला आतून एक करकर आवाज येतो आणि चावी फिरते, आणि चावीबरोबर मोटारघर फिरतं, गल्ली फिरते, टेकडी फिरते. खालचं वर येतं. मालनच्या पोटाखाली एकदम काहीतरी मऊ लागतं आणि पाठीवरचं ओझं उतरतं.

ती खालच्या आळीत धावत येते. मागच्या खोल्या आता वरच्या अंगाला आहेत. पाणी काही चमत्कार होऊन नाहीसं झालेलं नाही, पुष्कळ खोल्यांत अजून आहेच. पण चेपलेल्या खोल्या एकेक करून सुटायला लागल्यात. फट, फट, फट. चिकटलेल्या भिंती अलग होतात, खोली फुगते, वारा आत शिरतो. एक. मग शेजारची. मग पुढच्या सगळ्या. आणि पलीकडच्या त्या रुंद पाणंदीतून जाणाऱ्या थाळ्या, इतका वेळ रिकाम्या चाललेल्या, भरायला लागतात. काळपट लोंढा तिच्या डोळ्यांसमोर लाल होतो.

"उभी काय ऱ्हायलीस? पान्याच्या पुढं जायचं असतं," आबा म्हणतात आणि दोघं पळायला लागतात.

मोटारघर, मोठा पाईप, मग गावच. एक फाटा वर जातो, डोक्याच्या वाड्यांकडं, तिथला वाटा कधी चुकवायचा नसतो. एक मुतखड्याच्या गल्लीकडं, म्हणजे मूत्रपिंडाकडं, पण मालनला वर्षभरापूर्वीचा मुतखडा आठवतो म्हणून ती तेच नाव घेते. एक मांड्यांकडं. जिथं काम चाललंय, चुली पेटल्यात, धूर झालाय, तिथं थाळ्या जास्त सोडतात. जिथं सगळं निवांत आहे तिथं कमी. कुणी सांगावं लागत नाही, व्हॉल्व फिरवावा लागत नाही. मालनला खालच्या आळीतली रोजची भांडणं आठवतात आणि हेवा वाटतो. घराघरातून चुली पेटतायत. पोटऱ्यांच्या आळीत, जिथं चार दिवस मुंग्या आल्या होत्या, तिथं ऊब पसरते. दंडातून, कोपरातून, मनगटातून ती लाट तिच्या शेजारून जाते आणि ती तिच्याबरोबर पळते. पाईप बारीक होत जातात. शेवटी इतके बारीक की थाळ्या एकामागं एक, अंग मुडपून, रांगेत चालतात.

आणि मग रस्ता संपतो. शेवटचं घर. शेवटचा नळ. वर छत तांबड्या उजेडानं पेटलेलं, कुणीतरी बाहेरून टॉर्च मारतंय तसं.

आबा रोज पाणी सोडल्यावर खालच्या आळीत शेवटच्या नळापर्यंत चालत जायचे. टाकीजवळून घरी गेले असं कधी झालं नाही. शेवटच्या नळाला पाणी आलं तर गावाला आलं, नाहीतर नाही.

"सोड," ते म्हणतात.

मालन तोटी फिरवते. आधी नुसती फुस्स हवा. ती हात काढत नाही, कारण हवेच्या मागं पाणी असतं हे तिला ठाऊक आहे. ती ओंजळ धरून उभी राहते. मग नळ खोकतो, थरथरतो आणि लालभडक, गरम, जोरदार धार तिच्या ओंजळीत कोसळते. ओंजळ भरते, वाहून जाते, परत भरते.

"आलं," आबा म्हणतात. एकतीस वर्षं रोज सकाळी म्हणायचे तसंच. "आलं बग, मालन."

"मी आणलं," ती म्हणते.

"तूच आणलंस." ते चावी खांद्यावर घेतात. "मी जातो. वाटंत एक जोड फुसफुसतोय, तेवढा बांधून जातो."

"थांबा की जरा."

पण ते पाठमोरे झालेत, टॉवेल झटकत, आणि तांबडा उजेड डोळ्यांत घुसतो.

गालाखाली उशी आहे. नाकासमोर चादरीवरचा हॉस्पिटलचा शिक्का. मालन पोटावर झोपलेली आहे आणि बोटाच्या चिमट्यातला तांबडा दिवा तिच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर लुकलुकतोय. पलीकडे शिंगाडे सिस्टर उभ्या आहेत, हातात सलाईनची बाटली, तोंड उघडं.

"मावशी, कुणी पालथं केलं तुम्हाला? मी साडेतीनला आले तर तुम्ही अशाच. उठवलं नाही मग, आकडा चढत होता." त्या डबा तिच्याकडे वळवतात. चौऱ्याण्णव.

पाचला पाच मिनिटं कमी असताना डॉक्टर कर्णिकबाई येतात. त्यांच्यामागं ट्रॉलीवर कापडानं झाकलेला ट्रे आहे. त्या आकडा बघतात, बोट बदलून परत बघतात, पाठीला स्टेथोस्कोप लावून चार ठिकाणी ऐकतात. "श्वास घ्या. अजून. मागच्या बाजूला हवा जातेय," त्या स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणतात. मग सरळ होतात. "ट्रे परत न्या. नळी लागणार नाही. आणि मावशी, रात्रीपण असंच झोपायचं बरं का."

ट्रॉलीची चाकं वाजत वाजत दारातून बाहेर जातात. मालन ती दिसेनाशी होईपर्यंत बघते. तिला इतका आनंद झालाय की कुणाचा तरी हात धरावासा वाटतो, म्हणून ती सिस्टरचा धरते.

सिस्टरचं लक्ष भिंतीकडे आहे. ऑक्सिजनची नळी जिथं पाण्याच्या बाटलीला जोडलीय तिथं त्या वाकून बघतायत. "हा जोड सकाळपासून फुसफुसत होता. दोनदा माणूस बोलावला, आला नाही. आता आवाज कसा नाही?" त्या बोट फिरवतात. जोडावर काळ्या रबराची पट्टी गुंडाळलेली आहे, सायकलच्या जुन्या ट्यूबची, बोटभर रुंद, चार वेढे घट्ट आणि पाचवा आतून काढून ओढलेला. पट्टीला पांढरी माती लागलीय, टेकडीवरची असते तशी. "हे काय कुणी लावून ठेवलं? वॉर्डात असलं चालत नाही." त्या खिशातून कात्री काढतात.

मालन मास्क हनुवटीवर ओढते.

"कापू नका सिस्टर, आमच्या आबांनी बांधलेला जोड अजून एकदाबी गळलेला न्हाय, आन् सोडायचीच झाली पट्टी तर मी घरला जाताना माझ्या हातानं सोडून न्हेईन."

सिस्टर कात्री हातात धरून तिच्याकडे बघत राहतात. मावशी एवढं सगळं एका दमात बोलली, एवढंच त्यांना कळलंय.